बेडूकमाशाला खोटा सांगावा

दोस्तांनो, पाऊस लांबला की वऱ्हाडातली पोरं काय करतात, ठाऊक आहे ना? काठीला कडुनिंबाच्या डहाळ्या बांधतात, त्यात एक बेडूक अडकवतात आणि घरोघरी धोंडी मागत फिरतात. लोक त्यावर पाणी ओततात. बेडकामुळे ढग येतात की नाही, ते जाऊ द्या. पण पाऊस आल्यावर बेडकाच्या अंगात काय काय घडतं, ते मात्र ऐकाच.

परतवाड्याहून धारणीकडे निघालात की मेळघाटच्या जंगलात, सिपना नदीच्या काठी सेमाडोह लागतं. मृगाच्या सरी कोसळल्या की अशा गावांच्या आसपास डबकी साचतात आणि रात्रभर डरांव-डरांव चालू होतं. त्यातला मोठा बेडूक एरवी मातकट-हिरवा असतो. आता बघावं तर हळदीत लोळून आल्यासारखा पिवळाधम्मक! गळ्याशी दोन निळ्याशार पिशव्या फुगवून तो मादीला हाका मारतो. पावसाची चाहूल लागल्यावर त्याच्या शरीरात हार्मोन सुटतात आणि त्यांच्याच हुकमावरून हा सगळा थाट होतो.

हार्मोन म्हणजे शरीरातला सांगावा. एखादी ग्रंथी तो रक्तात सोडते, रक्त तो सगळीकडे फिरवतं, आणि ज्या अवयवासाठी तो असतो, तो अवयव कामाला लागतो. 'वाढ', 'थांब', 'आता मोठा हो' असले हे निरोप. ते पोचवायला हार्मोन लागतं तरी किती? तुमच्या गळ्यात पुढच्या बाजूला थायरॉईड नावाची ग्रंथी आहे. तिचं मुख्य हार्मोन थायरॉक्सिन. मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तातलं थायरॉक्सिन गोळा केलं, तर ते अर्धा मिलिग्रॅमही भरणार नाही. मिठाचे काही कण चिमटीत धरा, झालं!

आता गंमत ऐका. हेच थायरॉक्सिन, अगदी तोच रेणू, डबक्यातल्या बेडूकमाशाच्या अंगातही असतं. बेडूकमासा माहीत आहे ना? शेपटी वळवळवत फिरणारं बेडकाचं पिल्लू. थायरॉईडचा सांगावा आला की त्याचे मागचे पाय वाढू लागतात, मग पुढचे फुटतात. कल्ले जातात, श्वास फुप्फुसांवर येतो. लांबलचक गुंडाळलेलं आतडं आखूड होतं, कारण शेवाळ खाणाऱ्याला आता किडे पचवायचे असतात. आणि शेपूट गळून पडत नाही बरं का, ती शरीरातच जिरते. सांगावा एकच, पाय तो ऐकून वाढतात आणि शेपटी तोच ऐकून विरघळते. आहे की नाही कमाल?

हे सगळं एका हार्मोनचं काम आहे, हे कसं कळलं? १९१२ साली गुडरनाट्श नावाच्या शास्त्रज्ञानं एक प्रयोग जाहीर केला. त्यानं बेडूकमाशांना प्राण्यांचे वेगवेगळे अवयव बारीक करून खाऊ घातले. कुणाला यकृत, कुणाला स्नायू, कुणाला घोड्याची थायरॉईड ग्रंथी. थायरॉईड खाणारे काही दिवसांतच बदलू लागले. वाढ पुरी व्हायच्या आतच त्यांचे इवलेसे बेडूक झाले! चार वर्षांनी बेनेट ॲलन या शास्त्रज्ञानं उलट करून पाहिलं. त्यानं बेडूकमाशांची थायरॉईडच काढून टाकली. ते वाढत राहिले, धष्टपुष्ट झाले, पण बेडूक काही होईनात.

म्हणजे सांगावा लवकर आला तरी घोटाळा आणि आलाच नाही तरी घोटाळा. मग विचार करा, बाहेरून कुणी खोटाच सांगावा पाठवला तर?

तसं खरंच होतं. माणसानं बनवलेली काही रसायनं हार्मोनची नक्कल करतात. काही खऱ्या हार्मोनची वाट अडवतात, तर काही ते तयारच होऊ देत नाहीत. फटाक्यांत आणि रॉकेटच्या इंधनात वापरलं जाणारं परक्लोरेट घ्या. थायरॉक्सिन बनायला आयोडीन लागतं (म्हणून तर मिठात ते घालतात), आणि परक्लोरेट आयोडीनला थायरॉईड ग्रंथीत शिरूच देत नाही. बीपीए नावाच्या रसायनाची गोष्ट तर आणखी मजेशीर आहे. १९३६ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स डॉड्स यांनी दाखवून दिलं, की बीपीए मादीच्या हार्मोनसारखं वागतं. पुढे त्याच बीपीएपासून कडक, पारदर्शक प्लास्टिक तयार व्हायला लागलं! बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत ते चालणार नाही, असा नियम आपल्याकडे झाला तो कितीतरी दशकांनी.

ही भानगड एरवीच्या विषासारखी नाही. उन्हाळ्यात नदीच्या डोहात विष कालवून मासे मारण्याचे प्रकार मेळघाटात घडतात. तिथे काय झालं ते लगेच दिसतं, मासे पोट वर करून तरंगतात. खोट्या सांगाव्यानं कुणी तडकाफडकी मरत नाही. प्राणी जगतो, खातो, पोहतो. चूक कळते ती फार उशिरा.

अमेरिकेत फ्लोरिडात अपोप्का नावाचं मोठं तळं आहे. १९८० साली जवळच्या कारखान्यातून कीटकनाशक त्या पाण्यात गेलं. मगरीचे जातभाई ॲलिगेटर तिथे राहतात. पुढच्या काही वर्षांत त्यांची पिल्लं भराभर कमी झाली. लुई गिलेट या शास्त्रज्ञानं तपासलं तेव्हा कळलं, की बरीच अंडी उबतच नाहीत, आणि जन्मलेल्या नर पिल्लांत नराचं हार्मोन फारच कमी आहे.

आणि माणसं? केरळमधल्या कासरगोडला काजूच्या बागांवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारलं जायचं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं तिथल्या शाळकरी मुलांना तपासलं. २००३ साली निष्कर्ष छापून आला, की फवारणीखालच्या गावातले मुलगे दूरच्या गावातल्या मुलांपेक्षा उशिरा वयात येत होते. हेच एंडोसल्फान आपल्या देशात कपाशीवरही मारलं जायचं. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यावर बंदी घातली.

पुन्हा डबक्याकडे येऊ. मक्याच्या शेतात तण उगवू नये म्हणून ॲट्राझिन नावाचं तणनाशक वापरतात. अमेरिकेतले बेडूकतज्ज्ञ टायरोन हेझ यांनी आफ्रिकेतल्या एका जातीचे नर बेडूक लहानपणापासून ॲट्राझिनच्या पाण्यात वाढवले. पाण्यात ते किती होतं? दहा हजार लिटरचे शंभर टँकर भरा आणि त्या सगळ्यांत मिळून अडीच ग्रॅम टाका, इतकं. २०१० साली त्यांनी जाहीर केलं, की दर दहा नरांमागे साधारण एक मादी झाला होता आणि अंडीही घालत होता! हेझ यांच्या मते ॲट्राझिनमुळे नराच्या अंगात मादीचं हार्मोन जास्त बनू लागतं. काही शास्त्रज्ञांना त्यांच्या प्रयोगांत असा परिणाम दिसला नाही, त्यामुळे वाद रंगला आहे. युरोपात मात्र भूजलात पुन्हा पुन्हा सापडल्यामुळे २००४ मध्येच ॲट्राझिनची परवानगी काढून घेतली गेली.

मका पेरल्यावर ॲट्राझिन मारायचं ते दोन-तीन दिवसांच्या आत. म्हणजे कधी? पावसाळ्याच्या सुरुवातीला, जेव्हा बांधाशेजारच्या डबक्यांत बेडूकमासे वळवळत असतात आणि त्यांच्या अंगात सगळे मोठे सांगावे सुटणार असतात. मोठ्या बेडकाला जे सहज सोसतं, ते त्या काही आठवड्यांत पिल्लाला बाधू शकतं. माणसाच्या बाळाचंही तसंच. पोटातल्या बाळाची स्वतःची थायरॉईड पहिले काही महिने कामाला लागलेली नसते. मेंदू घडवायला ते आईचंच थायरॉक्सिन वापरतं. म्हणून किती रसायन अंगात गेलं, याइतकंच ते कधी गेलं, हेही विचारावं लागतं.

आता घरी ठेवलेल्या कीटकनाशकाच्या डब्याकडे बघा. लांबूनच हं, हात लावायचा नाही! त्यावर एक चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग असतो: लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. लाल म्हणजे थोड्याशानंही जीव जाईल असं जहाल. हिरवा म्हणजे त्या मानानं सौम्य. हा रंग ठरतो तो किती मात्रेनं प्राणी मरतो, यावरून. खोट्या सांगाव्याबद्दल तो काहीच सांगत नाही. म्हणून हिरवा रंग दिसला तरी औषधाचा पंप ओढ्यात धुवायचा नाही आणि रिकाम्या डब्यात पाणी भरायचं नाही, हे घरच्यांना तुम्हीच सांगा.

मग खोटा सांगावा पकडायचा कसा? त्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांनी परीक्षक नेमला आहे, खुद्द बेडूकमासाच! २००९ पासून एक ठरलेली चाचणी आहे. ज्या रसायनाबद्दल शंका असेल, त्याच्या पाण्यात बेडूकमासे २१ दिवस ठेवायचे, शेजारी साध्या पाण्यातही ठेवायचे, आणि मागचे पाय किती वाढले ते मोजायचं. पाय घाईनं आले किंवा रेंगाळले, तर थायरॉईडच्या सांगाव्यात कुणीतरी ढवळाढवळ केली आहे, असं समजून पुढचा तपास सुरू होतो.

आता तुमच्यासाठी कोडं. समजा, शेजारशेजारच्या दोन डबक्यांत एकाच दिवशी अंडी घातली गेली. एका डबक्यातले बेडूकमासे पाय फुटून बाहेर उड्या मारायला लागले. दुसऱ्यातले मात्र अजून शेपटीवालेच आहेत. लगेच औषधावर खापर फोडू नका. दुसऱ्या डबक्यावर झाडाची सावली असेल तर पाणी गार राहतं, आणि गार पाण्यात वाढ हळू होते. खाणं कमी पडत असेल. किंवा गर्दी जास्त असेल. खरं कारण शोधायला तुम्ही काय काय मोजाल? यादी करा, आणि प्रत्येक कारणापुढे ते खोटं ठरवायची एक युक्ती लिहा. बेडूकमासे मात्र डबक्यातच राहू द्या!