वेळेवर की वेळेत?

सेकंड इयरला असताना माझ्या रूममेटने मेसचे पैसे उशिरा भरण्यासाठी इंग्रजीत अर्ज लिहिला. त्यात एक वाक्य होतं, 'आय विल पे टिल सॅटर्डे.' अर्ज घेणारे हसले आणि खरं सांगायचं तर मीही हसले. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याची ऐट, दुसरं काय! त्यानंतर दोन दिवस ती माझ्यासमोर इंग्रजीचा एक शब्द बोलली नाही. मग एका रात्री म्हणाली, "चूक काय ते तरी सांग." आणि मला सांगता येईना! 'असं म्हणत नाहीत' एवढंच माहीत. व्हायवाला असं उत्तर दिलं असतं तर?

शेवटी दोघी वही घेऊन बसलो. घोळ आपल्या 'पर्यंत'चा होता. 'शनिवारपर्यंत खोलीवर आहे' आणि 'शनिवारपर्यंत पैसे भरते', मराठीला दोन्ही चालतं. इंग्रजीत पहिल्याला 'टिल', कारण ते तोवर चालूच राहणार. दुसऱ्याला 'बाय', कारण पैसे एकदाच भरायचे, फक्त शनिवार उलटायच्या आत. शंका आली तर वाक्यात 'सतत' घालून बघा. 'शनिवारपर्यंत सतत पैसे भरत राहीन' हे ऐकून ती स्वतःच हसत सुटली. (मेसवाल्या काकांना आवडलं असतं!)

'ऑन टाइम' आणि 'इन टाइम' मला सोपं वाटलं. ऑन म्हणजे वर, इन म्हणजे आत. म्हणून वेळेवर आणि वेळेत. नऊचं लेक्चर नऊला सुरू झालं, तर ऑन टाइम. गेट बंद व्हायच्या आत धापा टाकत पोचलो, तर इन टाइम. पण इथे तिनेच मला अडवलं. "डॉक्टर वेळेवर आले म्हणून आजी वाचली, असं आपण म्हणतो. डॉक्टरांनी काय अपॉइंटमेंट दिली होती?" खरंच की! आपलं 'वेळेवर' दोन्ही कामं करतं. इंग्रजीत मात्र तिथे 'इन टाइम'च हवं. म्हणजे घड्याळातली ठरलेली वेळ म्हणायची आहे, की काही बिघडायच्या आतली, ते आधी बघायचं.

'टाइमली'चं शेपूट फसवं आहे. दिसतं 'क्विकली'सारखं, पण आहे विशेषण, 'फ्रेंडली'सारखं. 'टाइमली हेल्प' बरोबर. 'आय टाइमली सबमिटेड' असं लिहू नका. 'पंक्च्युअल' बहुतेक वेळा माणसाला लावतात. त्याचं मूळ लॅटिनमधल्या टिंबात, म्हणजे पंक्च्युएशनचा तो भाऊच.

तिने अर्ज 'बाय सॅटर्डे' करून दिला. पैसे भरले सोमवारी.