एसीचा गॅस खरंच संपतो का?

उन्हाळा लागला की गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतं, "गॅस संपलाय, भरून घ्या." पण एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून जात नाही. बंद नळ्यांमधून तोच तो फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठूनतरी गळतोय, आणि गळती शोधल्याशिवाय भरलेला गॅसही तसाच निघून जाणार.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो. उघड्यावर तो उणे २६ अंशांनाच उकळतो; दाब वाढवला की उकळण्याचं तापमानही वर चढतं. सगळी करामत एवढ्यावरच आहे. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये दाब साधारण ३० पीएसआय असतो, आणि त्या दाबाला हा द्रव शून्य अंशाच्या आसपास उकळतो. उकळायला लागणारी उष्णता, किलोमागे जवळपास २०० किलोज्यूल, तो केबिनच्या हवेतून ओढून घेतो. मग कॉम्प्रेसर ती वाफ दाबून २०० पीएसआयच्या वर नेतो. आता ती ५५ अंशांना किंवा त्याहूनही वर द्रव होऊ लागते. म्हणून तर नागपूरच्या ४४ अंशांतही पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर उष्णता बाहेर टाकू शकतो. पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून जाताना दाब झपकन उतरतो आणि द्रव परत कॉइलमध्ये येतो.

आता गेजचं पाहू. गाडी बंद आहे, बाहेर ३५ अंश आहेत. आत ५०० ग्रॅम गॅस असो की २५०, गेज सुमारे ११४ पीएसआयच दाखवेल. द्रव आणि वाफ एकत्र असेपर्यंत दाब तापमानावर ठरतो, प्रमाणावर नाही. चालू एसीतही पंख्याचा वेग, ऊन, कंडेन्सरवरची धूळ यांनी काटा हलतो. त्यामुळे नुसत्या गेजवर केलेला 'टॉप-अप' हा अंदाजच असतो, आणि जास्त भरलेला गॅसही कूलिंग बिघडवतो. खात्रीचा मार्ग एकच: आहे तो गॅस मशीनने काढून घ्यायचा, गळती बंद करायची, व्हॅक्यूम मारायचा आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेले ग्रॅम वजन करून भरायचे. व्हॅक्यूम टाळू नये. एसीतलं तेल हवेतली ओल पटकन शोषतं, आणि ती ओल व्हॉल्व्हमध्ये गोठते किंवा आतून गंज चढवते. गळती मात्र बऱ्याचदा डोळ्यांनाही सापडते. गॅसबरोबर तेलही बाहेर येतं, त्यामुळे जोडाजवळ धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसतो.

जुना गॅस हवेत सोडून देणं मला अक्षम्य वाटतं. आधीच्या आर-१२ने ओझोनचा थर विरळ केला. १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो मागे पडला. आर-१३४एमध्ये क्लोरीन नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट तापमानवाढ करतो. अर्धा किलो सोडला की ७०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. युरोपीय संघात २०१७पासून नव्या मोटारींमध्ये तो चालत नाही. त्याची जागा मुख्यतः आर-१२३४वायएफने घेतली आहे. हा किंचित ज्वलनशील आहे आणि त्याचे भरण्याचे जोडही वेगळे असतात. त्यामुळे भरण्याआधी स्टिकरवर गॅसचं नावही वाचून घ्यावं.