घराचे पैसे पाठवायच्या आधी एक फोन: अमेरिकेतला टायटल एजंट नेमकं काय करतो?

यूपीआयवर पन्नास रुपये पाठवताना सुद्धा समोरच्याचं नाव स्क्रीनवर येतं. आपण ते वाचतो आणि मगच पिन टाकतो. अमेरिकेत मात्र घर घेणारा माणूस लाखभर डॉलर वायरने पाठवतो, आणि ज्या खात्यात पैसे चाललेत ते खरंच कोणाच्या नावावर आहे हे बरेचदा त्याला कळत नाही. या एवढ्याशा फटीत ठगांनी केवढा मोठा धंदा उभा केलाय, ते आज बघू.

मी न्यू जर्सीत एका सेटलमेंट एजन्सीत काम करतो. आमच्याकडच्या फाइलींमध्ये मराठी आडनावं बरीच असतात. मुलांच्या घरासाठी ठाण्याहून, नाशिकहून पैसे पाठवणारे आईवडील फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतात, "हा टायटल एजंट म्हणजे दलाल का रे?"

नाही. दलाल घर दाखवतो. टायटल एजंट ते घर विकणाऱ्याचंच आहे का हे तपासतो.

आधी टायटल म्हणजे काय ते बघू

आपल्याकडे जमीन घेताना सातबारा बघतात, फेरफार बघतात, वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतात. अमेरिकेत हेच काम काउंटीच्या दप्तरात होतं. जुनं कर्ज फिटलंय का, मालमत्ता कर थकलाय का, कोर्टाचा बोजा आहे का, एखाद्या वारसाची सही राहिली आहे का, हे सगळं शोधावं लागतं. गंमत म्हणजे यातलं बरंच शोधकाम आता भारतातल्या ऑफिसांमधून रात्रपाळीत होतं. तुमच्या ओळखीचं कोणीतरी हे करत असण्याची शक्यता आहे.

पण दप्तर कितीही चाळलं तरी खोटी सही दप्तरात दिसत नाही. त्यासाठी टायटल इन्शुरन्स. त्याची सुरुवात एका खटल्यातून झाली. १८६८ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वकिलाच्या मतावर विसंबून टायटल चांगलं असल्याचं सांगणारा माणूस, ते मत चुकलं तरी नुकसानभरपाईला बांधील नाही. म्हणजे पैसे बुडाले ते खरेदीदाराचे. मग १८७६ मध्ये फिलाडेल्फियात पहिली टायटल विमा कंपनी निघाली. गाडीचा किंवा आरोग्याचा विमा पुढे काय होईल त्यासाठी असतो. हा विमा मुख्यतः मागे काय होऊन गेलंय त्यासाठी असतो. हप्ता एकदाच, घर घेताना भरायचा. एक लक्षात ठेवा: बँक जी पॉलिसी सक्तीने घ्यायला लावते ती बँकेचं कर्ज सांभाळते. स्वतःसाठी मालकाची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते, आणि बऱ्याच लोकांना हे क्लोजिंगच्या टेबलावर पहिल्यांदा कळतं.

आपल्याकडेही २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १६ मध्ये जमिनीच्या टायटलच्या विम्याचा उल्लेख आहे, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

सगळ्यांचे पैसे एकाच खात्यात

एजंटचं दुसरं काम म्हणजे सेटलमेंट. खरेदीदाराचं डाउन पेमेंट आणि बँकेचं कर्ज आमच्या एस्क्रो खात्यात येतं. तिथून विकणाऱ्याचं जुनं कर्ज फेडायचं, कर भरायचा, ब्रोकरचं कमिशन द्यायचं आणि उरलेलं विकणाऱ्याला. या खात्यातला एकही सेंट आमचा नसतो. म्हणून दर महिन्याला तीन आकडे जुळवावे लागतात: बँकेच्या स्टेटमेंटवरची शिल्लक, आमच्या वहीतली शिल्लक आणि प्रत्येक फाइलची शिल्लक मिळून होणारी बेरीज. तिन्ही जुळलेच पाहिजेत. रोजची जमा आणि खर्च त्या त्या दिवशी तपासायचा तो वेगळाच. ऐकायला कंटाळवाणं आहे, पण कोणी हळूच एका फाइलचे पैसे दुसरीकडे वापरत असेल तर तो इथेच सापडतो.

हे नियम कुठून आले? २०१२ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोने कर्ज देणाऱ्या संस्थांना बजावलं की तुम्ही बाहेरून काम करून घेता त्यांच्या चुकांना तुम्हीही जबाबदार. मग बँका एजंटांकडे पुरावे मागू लागल्या. अमेरिकन लँड टायटल असोसिएशन, म्हणजे अल्टा, या संघटनेने त्यासाठी 'बेस्ट प्रॅक्टिसेस' तयार केल्या. त्यांचे सात खांब आहेत: परवाना, एस्क्रो खात्याचा हिशेब, माहितीची सुरक्षा, सेटलमेंटची पद्धत, पॉलिसी वेळेवर देणं, व्यावसायिक विमा आणि तक्रारींची दखल. माझ्या मते सातातला तिसरा सगळ्यात जड आहे. कारण हल्ला तिथूनच होतो.

ठग नक्की कुठून घुसतो?

एक खरी फाइल सांगतो, ओळख पटेल असे तपशील वगळून. नवराबायको दोघं मराठी, पहिलंच घर. डाउन पेमेंटमध्ये सासऱ्यांच्या पीएफचा मोठा वाटा होता. क्लोजिंगच्या दोन दिवस आधी बायकोच्या फोनवर मेल आला. आमच्या एजन्सीचं नाव, आमचा लोगो, बरोबर फाइल नंबर आणि रक्कम सेंटपर्यंत अचूक. फक्त एक ओळ जास्त: "ऑडिटमुळे आमचं नेहमीचं खाते बंद आहे, कृपया खालील खात्यात वायर करा."

ती बेसावध नव्हती. तिने फोन करून खात्री केली. पण नंबर कुठला लावला? मेलच्या खाली दिलेला. पलीकडच्या माणसाने गोड बोलून "हो मॅडम, बरोबर आहे" म्हटलं. पैसे गेले.

ठगाला रक्कम कशी कळली? त्यांच्या ब्रोकरच्या मेलबॉक्सचा पासवर्ड आधीच कोणाच्यातरी हाती लागला होता. चोराने आत शिरून आरडाओरडा केला नाही. त्याने एक फॉरवर्डिंग नियम लावला आणि 'क्लोजिंग' शब्द असलेला प्रत्येक मेल त्याच्याकडे गुपचूप जाऊ लागला. अमेरिकेत घराचा शेवटचा हिशेब, म्हणजे क्लोजिंग डिस्क्लोजर, खरेदीदाराला कामाचे किमान तीन दिवस आधी मिळाला पाहिजे असा २०१५ पासून नियम आहे. नियम ग्राहकाच्या भल्याचाच आहे. पण तो कागद चोराच्या हातीही पडला, आणि नेमकी रक्कम व तारीख त्याला आयती मिळाली.

आता फोनचा भाग, कारण तुम्ही बहुतेक मेल फोनवरच वाचता. मोबाइलच्या मेल ॲपमध्ये पाठवणाऱ्याचं नाव ठळक दिसतं, पूर्ण पत्ता दिसत नाही. तो बघायला नावावर टॅप करावं लागतं. आणि पत्ता दिसला तरी इंग्रजीतला 'आर' आणि 'एन' शेजारीशेजारी टाकले की छोट्या स्क्रीनवर हुबेहूब 'एम' वाटतात. असं एका अक्षराने वेगळं डोमेन घ्यायला फारसा खर्च येत नाही. मेल खरंच त्या डोमेनवरून आलाय का हे तपासणाऱ्या तांत्रिक चाचण्या असतात. पण डोमेन चोराचंच असेल तर तो त्या चाचण्या रीतसर पास होतो!

बँकेने का नाही अडवलं? अमेरिकेत फेडवायरने गेलेला पैसा लगेच जमा होतो आणि तो व्यवहार अंतिम असतो. शिवाय तिथल्या कायद्याप्रमाणे नाव आणि खाते क्रमांक जुळत नसतील, तरी विसंगती माहीत नसलेल्या बँकेला क्रमांकावर विसंबून पैसे जमा करता येतात. वर नाव आमच्या एजन्सीचं होतं, क्रमांक चोराचा. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी लाभार्थ्याचं नाव आधी दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यायला बँकांना सांगितलं. या एका बाबतीत आपण पुढे आहोत असं मी ऑफिसात ठणकावून सांगतो.

एफबीआयच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये अशा ईमेल फसवणुकीत सुमारे २.९ अब्ज डॉलरचं नुकसान नोंदवलं गेलं. हे सगळ्या धंद्यांचं मिळून. घरखरेदी हा त्यातला एक हिस्सा.

चांगला एजंट कसा ओळखायचा?

पहिल्याच दिवशी तो सांगतो, "आमचे वायरचे तपशील बदलत नाहीत. बदलल्याचा मेल आला तर तो आमचा नाही." खाते क्रमांक तो साध्या मेलवर पाठवत नाही. कुलूपबंद पोर्टलवर ठेवतो किंवा हातात कागद देतो. आणि तुम्ही फोन केलात म्हणून वैतागत नाही. वैतागला तर खुशाल दुसरा एजंट बघा. एजंट निवडायचा हक्क बहुतेक वेळा खरेदीदाराचा असतो, आणि गिऱ्हाईक पाठवलं म्हणून ब्रोकरने टायटल कंपनीकडून कमिशन खाणं १९७४ च्या रेस्पा कायद्याने बंद केलंय.

आतल्या बाजूला आमच्याही सवयी असतात. एकजण वायर भरतो, दुसरा मंजूर करतो, दोन्ही कामं एकाच्या हाती कधीच नसतात. विकणाऱ्याचं जुनं कर्ज फेडायचं पत्र आलं की त्या बँकेला आम्ही स्वतः शोधलेल्या नंबरवर फोन करतो, पत्रावरच्या नंबरवर नाही, कारण बनावट पत्रंही येतात. रिकाम्या प्लॉटची फाइल आली, मालक दूर राहतो आणि फक्त मेलवरच बोलतो, तर आम्ही जरा जास्तच चौकस होतो. खोटा मालक उभा करून प्लॉट विकण्याचे प्रकार वाढलेत. तिकडे प्लॉट घेऊन भारतात परतलेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मोठं नाव म्हणजे सुरक्षितता, असंही नाही. २०१९ मध्ये फर्स्ट अमेरिकन या बड्या टायटल कंपनीच्या वेबसाइटवर सुमारे ८८.५ कोटी कागद कोणालाही पाहता येतील असे उघडे सापडले. हॅकिंगची गरजच नव्हती. लिंकमधला एक आकडा बदलला की दुसऱ्याच कोणाचा तरी कागद उघडायचा, बँक खात्याच्या तपशिलासकट. पत्रकार ब्रायन क्रेब्स यांनी हे उघडकीला आणलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये फिडेलिटी नॅशनल फायनान्शियलवर सायबर हल्ला झाला तेव्हा कित्येक लोकांची क्लोजिंग अडकून पडली.

पैसे गेलेच तर?

त्या जोडप्याच्या बाबतीत दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही "पैसे अजून आले नाहीत" असा फोन केला तेव्हा हे उघड झालं. अर्ध्या तासात त्यांची बँक, समोरची बँक आणि एफबीआय, तिन्हीकडे तक्रार गेली. बरीचशी रक्कम खात्यात गोठवता आली. उरलेली तोवर पुढच्या खात्यांमध्ये निघून गेली होती. ती परत आली नाही. घर मिळालं, पण उशिरा, आणि नातेवाइकांकडून उसने घेऊन.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी स्वतःच्या बँकेच्या फ्रॉड विभागाला फोन करून वायर परत मागवायला सांगा, मग एफबीआयच्या आयसी३ पोर्टलवर तक्रार भरा. त्यांची वसुली टीम २०१८ पासून काम करते, आणि २०२३ मध्ये तिने हाती घेतलेल्या प्रकरणांतली ७१ टक्के रक्कम गोठवण्यात तिला यश आलं. पण त्यासाठी पहिले तास महत्त्वाचे. भारतातल्या खात्यातून फसवणुकीने पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा.

ब्रोकरच्या मेलबॉक्ससारखी गत आपलीही झालेली असू शकते. जीमेलचं फॉरवर्डिंग फोनच्या ॲपमध्ये दिसत नाही, त्यासाठी कॉम्प्युटरवर सेटिंग्ज उघडून 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर्स' हे दोन्ही भाग बघा. अनोळखी पत्ता दिसला तर आधी पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, मग तो पत्ता काढा. आणि वायर गेली की बँकेकडून तिचा आयमॅड क्रमांक मागून घ्या, तो पावतीवर छापलेला असेलच असं नाही. तक्रार करताना पैशाचा माग त्याच क्रमांकावरून काढतात.