स्कॉटलंडच्या नोटा : कायद्याच्या सक्तीविना सव्वातीनशे वर्षे

एडिंबरामधल्या एटीएममधून वीस पौंड काढले, की हातात कोणाचा चेहरा येणार हे ते मशीन कोणत्या बँकेचे आहे यावर ठरते. बँक ऑफ स्कॉटलंडच्या नोटेवर कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट असतात, क्लाइड्सडेल बँकेच्या नोटेवर राजा रॉबर्ट द ब्रूस. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या नोटेवर असतात ग्लासगोत चहागृहे चालवून नाव काढलेल्या केट क्रॅन्स्टन, आणि ती नोट उलटली की लाल खारी दिसतात. तिन्ही बँका व्यापारी आहेत आणि तिघींना स्वतःच्या नावाने नोटा काढायचा हक्क आहे. पौंड मात्र एकच, तोच लंडनमध्ये चालणारा.

या नोटा पूर्णपणे वैध आहेत, तरीही ‘कायदेशीर चलन’ नाहीत. इंग्लंडमध्ये नाहीत आणि खुद्द स्कॉटलंडमध्येही नाहीत. बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांना हा दर्जा आहे, पण तो इंग्लंड आणि वेल्सपुरता. स्कॉटलंडमध्ये तो कोणत्याच नोटेला नाही, फक्त रॉयल मिंटच्या नाण्यांना आहे.

८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र अनुभवलेल्या आपल्याला हे वाचून धक्का बसेल. आपल्याकडे पाचशे-हजाराच्या नोटांचा हा दर्जा गेला आणि त्या बाजारातूनच उठल्या. ब्रिटनमध्ये या दर्जाचा अर्थ फार मर्यादित आहे. ऋणकोने कायदेशीर चलनात पूर्ण रक्कम देऊ केली, तर पैसे दिले नाहीत म्हणून त्याच्यावर दावा चालवता येत नाही, एवढेच. दुकानातली खरेदी ही दोघांच्या राजीखुशीची गोष्ट. गिऱ्हाइकाकडून काय घ्यायचे हे दुकानदार ठरवतो; तो कार्डच हवे म्हणू शकतो, पन्नासची नोट नाकारू शकतो. लंडनमधल्या एखाद्या काउंटरवर स्कॉटिश नोट परत केली जाते, तेव्हा कायदा मोडला जात नाही. नोट बाळगणाऱ्याच्या मनाला मात्र ते लागते, आणि ते लागणे मला रास्त वाटते.

मग सक्ती नसताना या नोटा टिकल्या कशा? बँक ऑफ स्कॉटलंडची स्थापना १६९५ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने केली. देशात चांदीच्या नाण्यांची चणचण होती, म्हणून बँकेने लगेच नोटा काढल्या. १७२७ मध्ये रॉयल बँक प्रतिस्पर्धी म्हणून उभी राहिली आणि दोघींत जुंपली. समोरच्या बँकेच्या नोटा गोळा करायच्या आणि एकदम तिच्या दारात नेऊन रोकड मागायची, असा तो डाव होता. १७२८ मध्ये बँक ऑफ स्कॉटलंडला काही महिने व्यवहार बंद ठेवावे लागले. पुढे शहाणपण आले. बँका ठरावीक दिवशी एकमेकींच्या नोटा अदलाबदल करून फरक चुकता करू लागल्या. ऐपतीबाहेर नोटा छापणाऱ्या बँकेच्या नोटा लवकरच तिच्याच दारी परत येत. स्कॉटिश नोटेवरचा विश्वास या शिस्तीतून वाढला.

१८२५ च्या आर्थिक कोसळीनंतर लंडनच्या सरकारने पाच पौंडांखालच्या नोटा बंद करायचे ठरवले. स्कॉटलंडचा सगळा लहान व्यवहार एक पौंडाच्या नोटेवर चाले. वॉल्टर स्कॉट यांनी १८२६ मध्ये ‘मॅलाकी मॅलाग्रोदर’ या टोपणनावाने वृत्तपत्रात पत्रे लिहून या बेतावर तुटून पडायला सुरुवात केली. त्याच सुमारास त्यांचे प्रकाशक आणि मुद्रक बुडाले होते आणि कर्जाचा डोंगर त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर होता. सरकारने माघार घेतली. बँक ऑफ स्कॉटलंडच्या प्रत्येक नोटेवर स्कॉट आहेत, त्यामागे हा लढा आहे.

१८४५ च्या कायद्याने नव्या बँकांना नोटा काढायची दारे बंद झाली. जुन्या बँकांना ठरलेल्या मर्यादेपलीकडच्या नोटांसाठी तेवढी रोकड तारण ठेवावी लागू लागली. आज या तारणासाठी बँक ऑफ इंग्लंडच्या खास नोटा असतात. ‘जायंट’ ही दहा लाख पौंडांची, तर ‘टायटन’ दहा कोटींची. टायटन ए-फोर कागदाएवढी असते आणि ती बाजारात कधीच येत नाही.

या व्यवस्थेची खरी कसोटी २००८ मध्ये लागली. रॉयल बँक आणि बँक ऑफ स्कॉटलंडची मालक कंपनी, दोघींना सरकारी पैशाने वाचवावे लागले. तोवर पूर्ण तारण आठवड्यातल्या काही दिवसांपुरतेच सक्तीचे होते. २००९ च्या बँकिंग कायद्याने ते सतत सक्तीचे केले. बँक बुडालीच, तर राखून ठेवलेल्या या पैशांवर पहिला हक्क नोटधारकाचा.

या गोष्टीला आपल्याकडचाही एक धागा आहे. मुंबईत १८४० मध्ये सुरू झालेली बँक ऑफ बॉम्बे स्वतःच्या नोटा काढत असे. तो हक्क १८६१ च्या कागदी चलन कायद्याने गेला आणि नोटा काढणे सरकारच्या हाती आले. त्या कायद्याचा पहिला मसुदा मांडणारे भारताचे अर्थसदस्य जेम्स विल्सन हे स्कॉटलंडमधल्या हॉइक गावचे. कायदा होण्याआधीच, १८६० मध्ये, कोलकात्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या मायदेशात जी प्रथा टिकली, ती इथे त्यांच्या योजनेतून संपली.

स्कॉटिश नोटांना संरक्षण द्यावे, म्हणून २००९ मध्ये खासदार डेव्हिड मंडेल यांनी विधेयक आणले होते. ते मंजूर झाले नाही. त्यांचा हेतू चांगलाच होता, पण रोग वेगळा आणि औषध वेगळे असे ते झाले असते. या नोटांना कायद्याचे बळ कमी पडत नाही. पौंडाला पौंड तारण त्यांच्यामागे उभे आहे. कमी पडते ती ओळख. ब्रिटनमधल्या प्रत्येक दुकानात नव्या नोकराला खोट्या नोटा ओळखायला शिकवतात, त्याच वेळी स्कॉट, ब्रूस आणि क्रॅन्स्टनही दाखवावेत. तेवढ्याने हा अपमान थांबेल, आणि तो थांबायलाच हवा.