मोगू नावाची मुलगी



आपल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर वारली लग्नात धवलेरी लागतेच. तिच्याकडे वही नसते. थोरल्या धवलेरीच्या शेजारी बसून, तिच्या सुरात सूर मिळवत ती गाणी शिकलेली असते. आज अशाच, ऐकून आणि घोकून शिकलेल्या एका मुलीची गोष्ट सांगते. मोठेपणी ती गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर म्हणून देशभर नावाजली. पण मी बोलणार आहे ते तिच्या पहिल्या तीस वर्षांबद्दल.

मोगूचा जन्म १९०४ सालचा, गोव्यातल्या कुर्डी गावचा. पोरीच्या गळ्यात सूर आहे हे आधी ओळखलं तिच्या आईनं, जयश्रीबाईंनी. गाणं शिकायला मिळावं म्हणून आईनं तिला १९१३ साली चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी या नाटक कंपनीत घातलं. पुढच्याच वर्षी आई गेली. काही काळानं कंपनीही बुडाली.

त्या काळची संगीत नाटकं म्हणजे अर्धं नाटक आणि अर्धी मैफल. पदं रागांत बांधलेली असत. माईक नव्हता, तेव्हा शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत आवाज पोचवायचा तो दमाच्या जोरावर. मोठ्या कंपन्यांत बाईची कामंही पुरुषच करत. बायकांच्या मंडळ्या वेगळ्या असत. अशाच सातारकर स्त्री संगीत मंडळीत मोगू दाखल झाली. 'सौभद्र' नाटकात ती सुभद्रा झाली, 'पुण्यप्रभाव' नाटकात किंकिणी. तिथंच चिंतूबुवा गुरवांकडून गाण्याची तालीम मिळाली, नाचाचंही शिक्षण झालं. नाटक कंपनी हीच तिची शाळा होती.

मग कंपनीत खटके उडाले आणि तीही सुटली. तब्येत बिघडली, म्हणून मावशीनं तिला सांगलीला नेलं. आई नाही, काम नाही, अंगात बळ नाही. इथंच गोष्ट संपली असती. पण मोगूनं रियाज सोडला नाही. जेवढं शिकली होती, तेवढंच रोज घोकत राहिली. त्याच रस्त्यानं जाणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांच्या कानावर तो आवाज पडला. ते घरात येऊन बसले, गाणं ऐकलं आणि पुढं स्वतः शिकवू लागले. ते होते जयपूर घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ.

पण म्हणून सगळं सुरळीत झालं असं नाही. दीडेक वर्षात खाँसाहेब मुंबईला गेले. १९२२ साली मोगूही मागोमाग मुंबईला गेली, पण तिथं शिकवणी पुन्हा तुटली. मग आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे, नंतर खाँसाहेबांचे भाऊ हैदर खाँ यांच्याकडे ती शिकली. शेवटी १९३४ साली अल्लादिया खाँसाहेबांनी तिला गंडा बांधला, म्हणजे रीतसर शिष्या केलं. तेव्हा तिचं वय तीस होतं, आणि घरात लहान लेक होती. ती लेक म्हणजे किशोरी आमोणकर. मोगूबाईंना १९७४ साली पद्मभूषण मिळालं.

त्यांचं कुर्डी गाव पुढं साळावलीच्या धरणात बुडालं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते वर येतं. गाव पाण्याखाली जाणं म्हणजे काय, हे वैतरणेच्या खोऱ्यातल्या बायांना मी काय सांगावं!

मैत्रिणींनो, मोगूचं शिक्षण किती वेळा तुटलं ते मोजून बघा. दर वेळी दोन गोष्टींनी तिला तारलं. एक म्हणजे घरातली कुणीतरी बाई, आधी आई आणि मग मावशी. दुसरा रोजचा रियाज. आपल्याकडे आश्रमशाळेत गाणारी मुलगी सुट्टीत घरी येते. पाणी भरते, लाकडं आणते, धाकट्यांना सांभाळते, आणि मग तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. तिचं गाणं तिथंच थांबतं. तिला रोज अर्धा तास मोकळा द्या. पाड्यावरच्या धवलेरीजवळ बसू द्या, शाळेच्या बाईंशी बोला. लग्नाची घाई करू नका. आणि वर्षभर खंड पडला, तरी "आता कशाला?" असं तिला म्हणू नका.