निविदेवाचूनचा मक्ता

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. नियमांची भाषा मी युनियनच्या कचेरीत कागद चाळता चाळता शिकलो, तेव्हा ती थोडी ओबडधोबड वाटली तर श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे.

सरकारला किंवा नगरपालिकेला काही विकत घ्यावयाचे असले म्हणजे जाहीर निविदा मागवावी आणि अटी पुऱ्या करणाऱ्यांत ज्याचा भाव कमी त्याला काम द्यावे, ही सर्वसाधारण रीत. परंतु ही रीत सोडून एकाच पुरवठादाराला थेट काम देण्याची मुभाही नियमांनीच ठेवलेली आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील १६६ वा नियम पाहावा. ती वस्तू एकच कारखाना बनवीत असेल, किंवा असलेल्या यंत्राला जुळणारेच सुटे भाग हवेत असे तज्ज्ञ सांगत असेल, तर थेट खरेदी करता येते. हे समजण्यासारखे आहे. पाणीपुरवठ्याच्या पंपाला दुसऱ्याचा भाग बसतच नसेल, तर स्पर्धेचा देखावा करून काय मिळणार? खरी मेख आहे ती तिसऱ्या कारणात. ते कारण म्हणजे निकड.

एका नगरपालिकेत सफाई कामगारांचे गमबूट जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ‘तातडीची बाब’ म्हणून एका दुकानदाराकडून थेट घेतले गेले. आले ते सगळे दहा नंबरचे. आमच्या भगिनी पाच नंबरच्या पायांना चिंध्या गुंडाळून ते घालीत आणि गटारात उतरत. दोघी पडल्या. एकीचा हात मोडला. माहितीच्या अधिकाराखाली मी फाइल काढली, तो मागणीचा कागद जानेवारीचा! पाच महिने तो टेबलावर निजला होता. पाऊस पडला आणि निकड जागी झाली. पावसाळा काय त्या वर्षी प्रथमच येत होता?

आपला नियम सांगतो की निकडीचे कारण लिहून ठेवा आणि वरिष्ठांची मान्यता घ्या. त्या फाइलीत दोन्ही होते. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशात याहून कडक अट आहे: निकड आधी न दिसणाऱ्या घटनेतून आलेली हवी, आणि ती खरेदी करणाऱ्या कचेरीनेच ओढवून घेतलेली नसावी. आमचे गमबूट या चाळणीतून खाली पडले असते.

खरी निकडही असते. करोनाच्या साथीत ब्रिटनने जुलै २०२० अखेरपर्यंत १८ अब्ज पौंडांची कंत्राटे दिली, त्यांपैकी १०.५ अब्जांची स्पर्धेवाचून. घाईला कोणी दोष देणार नाही. पण संरक्षक साहित्याच्या खरेदीत मंत्री-खासदारांच्या शिफारशीने आलेल्यांसाठी निराळी रांग होती. त्या रांगेत दहांत सुमारे एकाला काम मिळाले, साध्या रांगेत शंभरांत एकालाही नाही. ही निराळी रांग तेथील उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये बेकायदा ठरवली.

निविदा म्हणजे गंगाजल, असेही मी म्हणणार नाही. सफाईच्या मक्त्यात सर्वांत कमी भाव भरणारा ती कमी रक्कम पुष्कळदा कामगाराच्या पगारातूनच काढतो.

गमबुटांचे म्हणाल, तर पुढल्या जानेवारीत आम्हीच दोरी घेऊन प्रत्येकाच्या पायाचे माप घेतले, यादी दिली आणि दर सोमवारी निविदा निघाली का, हे विचारायला जाऊ लागलो. मार्चमध्ये निघाली. बूट पावसाआधी आले. सात जोड तरीही मोठे निघाले, ते बदलून घेतले.