श्यामची आई अजून का वाचतात?

आपल्या वर्गाच्या पेटीत 'श्यामची आई' कधी जागेवर सापडत नाही. कव्हर गेले, शिवण सुटली, तरी मागणी त्यालाच! साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर चित्रपटही काढला. नव्वद वर्षे उलटली, तरी लोक ते का वाचतात, हे मला आमच्या ओट्यावर कळले.

मी आईला श्यामच्या पोहण्याची गोष्ट वाचून दाखवत होतो. श्याम पोहायला भितो, घरात लपून बसतो. आई त्याला मारून विहिरीवर पाठवते. मला जाम हसू आले. कारण उन्हाळ्यात मीही बाबांना बघून कणगीमागे लपलो होतो! वर बघतो तर आई पदराने डोळे पुसत होती. मी म्हटलं, "अगं, मार तर श्यामला बसला, तू का रडतेस?" ती म्हणाली, "मारणाऱ्या आईला काय वाटलं असेल, ते तुला नाही कळायचं."

पान एकच. मी श्यामचे ऐकले, तिने आईचे.

शिवाय श्याम काही गुणांचा पुतळा नाही. तो भितो, रुसतो, चुकतो. असा मुलगा प्रत्येक गावात असतोच.

पुस्तकात एकूण ४२ रात्री आहेत. आम्ही रोज एक वाचतो. तेव्हा थोडे दिवस पुस्तक पेटीत दिसणार नाही, रागावू नका.

विहिरीत मात्र मी अजून उतरलो नाही. पूर्वी बाबा विचारायचे, आता आई विचारते.